चिन्नोराच्या अक्षता

मंदिराची सेवा सोडून स्वतंत्र वृत्तीने जगण्यास मी सिद्ध झालो आहे की नाही, हा प्रश्न मी कित्येक वर्षे मनाशी बाळगला होता. माझ्या वयाच्या माणसाने असा प्रश्न बाळगावा, हे पत्नीला विचित्र वाटे. लोक या वयात निवृत्त होतात, तुम्ही नवा धंदा काढायला निघालात, असे ती म्हणे. धंदा हा शब्द मला रुचत नसे. त्यात खोट काढता येत नसे, हेही तितकेच खरे.

गोंदिया शहरातल्या एका मंदिरात मी तारुण्यापासून पूजा करीत होतो. मंदिरामागे दोन खोल्यांचे निवासस्थान होते. महिन्याला मानधन ठरलेले होते, आणि पहाटेच्या काकड आरतीपासून शेजारतीपर्यंतचा दिवस घंटेला बांधलेला होता. त्या घंटेविषयी माझी तक्रार नव्हती. देवाच्या दारी बांधून राहणे हे काही लहान भाग्य नव्हे. परंतु पाठशाळेत गुरुजींनी मला जे दिले होते, ते मुख्यतः पुराणाच्या अर्थकथनाचे होते. पूजेच्या तबकात त्याला जागा नव्हती. वर्षातून एकदा, धानाची कापणी आटोपली की, मंदिराकडून काही दिवसांची रजा घेऊन मी खेड्यांत सप्ताहाला जाई. सात दिवस पोथी, समोर धानाच्या तणसावर अंथरलेल्या सतरंज्यांवर बसलेले गाव, आणि अर्थ सांगताना श्रोत्यांच्या चेहऱ्यांवर उमटणारे ते समजल्याचे चिन्ह. परत आल्यावर गाभारा काही दिवस मला अरुंद वाटे. तसे वाटल्याबद्दल मी देवाची क्षमा मागे, आणि पुढल्या वर्षी पुन्हा तसेच वाटे.

कोहमाऱ्यापासून आत एका मोठ्या तलावाकाठी असलेले एक गाव मला सर्वांत जवळचे होते. तिथल्या शेतकऱ्यांच्या पूर्वजांनी तो तलाव बांधला होता, आणि आजही गावातला कोणी माणूस स्वतःची ओळख सांगताना आधी तलाव सांगे, मग आडनाव. तलावाच्या पाळीवर, त्या मातीच्या बांधावर, मारुतीचे देऊळ आहे. तिथे सप्ताहाची एक रीत होती, जी मी अन्यत्र पाहिली नाही. सप्ताह संपला की वाचकाने आपली पोथी नव्या वस्त्रात बांधून देवळाच्या कोनाड्यात ठेवून जायची. पोथी गावात आहे तोवर वाचक गावाचा. दुसऱ्याच्या हाताने ती उघडायची नाही. संबंध संपवायचाच असेल तर वाचकाने स्वतः यावे, देवासमोर, गावाच्या देखत पोथी उचलावी आणि जावे. एका पोथीवाचून माझे काही अडत नव्हते. माझ्याजवळ दुसरी होती. गुरुजींच्या हातची म्हणून ती मला प्रिय होती, आणि प्रिय होती म्हणूनच मी तीच तिथे ठेवली होती.

महामारीच्या काळात सप्ताह थांबले. मंदिराचे दारही पुष्कळ दिवस लोकांसाठी बंद राहिले. रिकाम्या सभामंडपात मी एकट्याने आरती म्हणे, आणि त्या शांततेत जुना प्रश्न मोठा होत गेला. उरलेली वर्षे कशासाठी वापरायची? माझा आवाज अजून शाबूत होता. गुडघे कुरकुरत, पण मांडी मोडत नसे. शिकवण्या होत्या, दोन-तीन विद्यार्थी पत्नीच्या मोबाइलवरून व्याकरण शिकू लागले होते. खेड्यांतले सप्ताह मिळाले, शिकवण्या चालल्या, तर शहराच्या कडेला दोन खोल्या भाड्याने घेऊन आम्ही दोघे जगू शकलो असतो. न मिळाले, तर या वयात निवासस्थानही जायचे आणि मानही. पत्नीला मधुमेह होता. तिचे पथ्यपाणी आणि औषधे यांचा विचार सोडून वैराग्याच्या गोष्टी करणे मला शोभले नसते.

यात एक अडचण माझ्या व्रताची होती. पाठशाळा सोडताना मी गुरुजींसमोर अयाचित वृत्तीचा संकल्प केला होता: विद्येच्या नावाने कुणाकडे काही मागायचे नाही, न मागता आले ते प्रसाद म्हणून घ्यायचे. मग गावोगाव निरोप धाडून मला सप्ताहाला बोलवा असे मी सांगणार कसा? म्हणून मी एक माप ठरवले. कोजागिरीपासून कार्तिकी पौर्णिमेपर्यंत गावे अक्षत घेऊन वाचकाला आमंत्रण द्यायला येतात. त्या अवधीत तीन गावांची अक्षत न मागता माझ्यासाठी आली, तर मी सिद्ध झालो असे समजायचे आणि सेवा सोडायची. न आली, तर देवाची इच्छा समजून पुढल्या वर्षापर्यंत गप्प बसायचे.

हे माप मी एकाच माणसाला सांगितले. तो मंदिराचा व्यवस्थापक. आणि त्याहून आधी माझा सहाध्यायी. पाठशाळेत आम्ही एका पाटावर बसलो, एका पातेल्यातला भात खाल्ला. त्याने पुढे व्याकरण सोडले आणि व्यवहार धरला, तरी मला तो जन्मभर पंडित म्हणत आला, अर्धे थट्टेने आणि अर्धे मायेने. दुपारी नैवेद्य झाला की आम्ही दोघे त्याच्या कार्यालयाच्या खोलीत चहा घेत असू. तिथेच मी त्याला माप सांगितले. त्याने कप बशीत ठेवला. मग म्हणाला की माप चांगले आहे, कोणी आले तर तो मला सांगेल.

तो सांगेल यावर मी विसंबलो, त्याला कारण होते. सकाळी सोवळ्यात शिरल्यापासून नैवेद्य होईपर्यंत मी मौन पाळतो. त्या वेळी गाभाऱ्यात माझे तोंड देवाकडे आणि पाठ दाराकडे असते. खेड्यातली माणसे सकाळच्या बसने येतात आणि दुपारच्या बसने परततात. त्यांची गाठ पडते ती कार्यालयात बसलेल्या माणसाशी.

त्या वर्षी कार्तिकी पौर्णिमा आली आणि गेली. चहाच्या वेळी मित्राने नकारार्थी मान हलवली. लोक अजून घाबरून आहेत पंडित, तो म्हणाला, सप्ताह कोण मांडतो? मला ते पटले. पुढल्या वर्षी म्हणाला की गावांनी आता स्वस्तातले, माइकवर गाणारे कथाकार धरले आहेत. तेही पटले, तसे कथाकार मी पाहिले होते. तिसऱ्या वर्षी त्याने काही कारण दिले नाही. नुसते म्हणाला, "सोड रे आता. देवाने उत्तर दिलं की ऐकावं." मी ऐकले. त्या दिवशी घरी येऊन पत्नीला सांगितले की मी अजून सिद्ध नाही, बहुधा होणारही नाही. ती विळीवर भोपळा चिरत होती. तिने विचारले की हे तुम्हाला कोणी सांगितले, देवाने की तुमच्या मित्राने? मी तिच्यावर रागावलो नाही. सोवळे वाळत घालायला बाहेर गेलो.

त्या तिसऱ्या वर्षीची एक गोष्ट मी तेव्हा सोडून दिली होती. आश्विन सरता सरता एका सकाळी पूजेच्या तबकातल्या अक्षता मुठीत घेतल्या आणि मला सुगंध आला. मंदिरात अक्षतांना साधा तांदूळ वापरतात. हा तांदूळ बारीक होता, न तुटलेला, आणि हळदीच्या वासाखालून चिन्नोर या आमच्या भागातल्या सुवासिक वाणाचा गोड वास येत होता. ज्यांच्या घरी चिन्नोर पिकतो ती माणसे तो रोज खात नाहीत. देवाला, पाहुण्याला आणि कार्याला राखून ठेवतात. कोणा भाविकाने श्रद्धेने दिला असेल, असे समजून मी मनोमन त्याला आशीर्वाद दिला आणि त्या अक्षता देवाच्या चरणी वाहिल्या. मौन होते, म्हणून विचारले नाही. नंतर विसरलो.

त्याच वर्षी फाल्गुनात एका भाविकाच्या वास्तुशांतीसाठी मी सडक अर्जुनीकडे गेलो. परतताना कोहमाऱ्याच्या चौकात यजमानांनी चहासाठी गाडी थांबवली. मी बाहेरचे घेत नाही, म्हणून ढाब्यापासून दूर झाडाखाली आपल्या तांब्यातले पाणी पीत उभा होतो. समोरून धोतर सावरीत एक वृद्ध आले. तलावाच्या गावचे पाटील, सप्ताहाचे प्रमुख. मला पाहून त्यांचे मुख उजळेल असे वाटले होते. त्यांनी रामराम केला तो परक्याला करावा तसा.

मी गावाची, देवळाची, पावसाने तलाव भरला का याची चौकशी केली. त्यांनी तुटक उत्तरे दिली. मग एकाएकी म्हणाले, "महाराज, एक इचारू? आमच्या गावाले तुमी काऊन सोडून देलं?"

मला अर्थ कळेना. मी म्हटले की मी कुठे सोडले, गावानेच बोलावले नाही.

"बोलावलं नाही?" त्यांनी काठी जमिनीत रोवली. "तीन साल अक्षत घेऊन आलो ना मी सोता. तुमी पूजेत बसून राहत होते. तीन साल तुमची पाठ पाहून वापस गेल्लो."

पुढचे त्यांनी सावकाश सांगितले, कारण माझा चेहरा पाहून त्यांचाही राग गोंधळला असावा. कार्यालयातल्या माणसाने त्यांना सांगितले होते की महाराज आता बाहेर जात नाहीत, तब्येत साथ देत नाही, खेड्यात राहण्याचा त्यांना त्रास होतो. अक्षत ठेवून जा, देवाला वाहू. पाटलांच्या सोबत तिसऱ्या वर्षी शेजारच्या दोन गावांची माणसेही आली होती. म्हणजे तीन गावे. मी माप ठरवले होते तेवढीच. ती सगळी अक्षत घरच्या चिन्नोराची होती, कार्याची म्हणून.

"तुमी मोठे झाले, शहराचे झाले," पाटील म्हणाले, "असंच समजून राह्यलो आमी. मंग बालाघाटकडचा एक वाचक आनला. पन तुमची पोथी तशीच आहे. तिले कोनी हात नाही लावला."

अक्षत आल्याचे मला कोणी कळवलेच नाही, एवढे सांगून मी निघालो. गाडीत बसल्यावर मुठीतला तो वास पुन्हा आला, इतका स्पष्ट की मी हात उघडून पाहिला. माझ्यासाठी आलेली आमंत्रणे मी स्वतःच्या हाताने देवाला वाहून टाकली होती, आणि वाहताना देणाऱ्याला आशीर्वादही दिला होता.

दुसऱ्या दिवशी मी पूजा नेहमीप्रमाणे केली. एकही उपचार गाळला नाही. नैवेद्यानंतर कार्यालयात गेलो. चहा आलेला होता. मी बसलो नाही. कोहमाऱ्याला पाटील भेटले होते, एवढेच बोललो. मित्राने नाकारले असते, तर कदाचित मला सोपे गेले असते. त्याने नाकारले नाही. चष्मा काढून तो धोतराच्या टोकाने पुसू लागला. आधी म्हणाला की हे सगळे माझ्या हितासाठीच होते. बाहेरची दुनिया मला ठाऊक नाही. मी कुणाकडे मागणार नाही, भाव करणार नाही, एका वर्षात उपाशी मरेन आणि वहिनीलाही मारेन. मग म्हणाला की विश्वस्तांनी त्याला दोष दिला असता. माझ्यासारखा उच्चार कुठून आणायचा? ही दोन्ही कारणे मी ऐकून घेतली. ती खोटी नव्हती. परंतु ती त्याने मला सांगायची होती, पाटलांना नव्हे.

"माप मी तुला सांगितलं होतं," मी म्हणालो. "दुसऱ्या कुणालाच नाही."

"म्हणूनच तर," तो म्हणाला, आणि थांबला. मग फार हळू आवाजात, गोंदियाच्या बाजारात बोलतो तशा हिंदीत म्हणाला, "तू चला जाता, तो मैं यहाँ किसके साथ बैठता?"

ही एक गोष्ट त्याने पहिल्या वर्षी सांगितली असती, तर मी राहिलो असतो. आजही मला त्याविषयी शंका नाही. मी मापही सोडले असते आणि सप्ताहही. मित्राला एकटे टाकून पुराण सांगायला जाण्याइतका मी विरक्त नव्हतो. परंतु त्याने माझ्याकडे ते मागितले नाही. देवाच्या नावाने मला अडवले. देवाने उत्तर दिले असे तो म्हणाला होता, आणि ते उत्तर त्याचे होते. तीन वर्षे मी ज्या इच्छेला ईश्वराची समजून नमस्कार करीत राहिलो, ती कार्यालयातल्या एका खुर्चीत बसली होती. माणसाने फसवले तर माणसाचा राग येतो. इथे मला राग यायला हवा तिथे केवळ लाज वाटत होती, जणू गाभाऱ्यातल्या मूर्तीला कोणी माझ्या नकळत फिरवून ठेवले होते आणि मी पाठीला ओवाळीत होतो. चहावर साय धरली. मी निघालो.

पत्नीला सर्व सांगितले तेव्हा तिने त्याला शिव्या दिल्या नाहीत. मी तुम्हाला विचारले होते, एवढेच म्हणाली. थोड्या वेळाने म्हणाली की अयाचित व्रत म्हणजे दार उघडे ठेवून बसणे. तुम्ही दाराची किल्ली दुसऱ्याकडे दिली. मग तिने माझ्यासाठी एक वेगळा मोबाइल आणवला आणि त्याचा क्रमांक ओळखीच्या प्रत्येकाला दिला. मी विरोध केला नाही.

चैत्रात मी एकटाच बसने कोहमाऱ्याला आणि तिथून एका प्रवासी जीपने तलावाच्या गावी गेलो. ऊन कडक होते, पाळीवर मोहाची फुले वेचून वाळत घातलेली होती. मी काय ठरवून निघालो होतो, असे कोणी विचारले तर सांगता आले नसते. पोथी उचलून आणावी, असेही एक मन होते. तिसऱ्या वर्षीच मी स्वतःला असिद्ध म्हणून मोकळा झालो होतो. आता त्या गावावर माझा कोणता अधिकार? माझ्या दुसऱ्या मनात काय होते, ते मी स्वतःलाही सांगत नव्हतो.

पाटील देवळाच्या ओट्यावर बसले होते. कोहमाऱ्यानंतर मी त्यांना प्रथमच भेटत होतो, तरी ते उठले नाहीत. केवळ सरकून जागा केली. मी आत गेलो. कोनाड्यात पोथी होती. शेवटच्या सप्ताहात बांधलेले तांबडे वस्त्र धुळीने आणि उदबत्तीच्या धुराने विटले होते, पण गाठ माझीच होती. मी गाठ बांधतो ती डावीकडे वळते. गुरुजी त्यावरून हसत. कोणी उलगडलेली नव्हती. मित्राच्या हाती दिलेला एक शब्द तीन वर्षे टिकला नाही, आणि इथे एका उघड्या कोनाड्यातली गाठ कुलपाशिवाय टिकली होती.

पाटील दारात येऊन उभे राहिले. पोथी नेणार आहात का, असे त्यांनी विचारले. न्यायची असेल तर त्यांना माणसे बोलवायची होती. रीतीप्रमाणे गावासमोर उचलावी लागली असती. त्यांच्या स्वरात आग्रह नव्हता. मी नेली असती, तर त्यांनी नेऊ दिली असती.

मी पोथीवर हात ठेवला आणि जन्मात प्रथमच मागितले. म्हणालो, "पाटील, पुढचा सप्ताह मला सांगू द्याल का?"

गुरुजींसमोर घेतलेले व्रत त्या क्षणी संपले, आणि ते मी मोडले नव्हते; माझ्याकडून मोडवून घेतले गेले होते. मित्राने माझी तीन वर्षे घेतली, त्याचा हिशेब मी मांडत नाही. हे मात्र त्याने घेतले याचे दुःख अजून उतरलेले नाही. कोणी येईल, कोणीतरी मला निरोप पोहोचवील, या विश्वासावर जगता येते, असे मी मानत आलो होतो. आता मी स्वतः विचारणारा माणूस झालो होतो. यालाच सिद्ध होणे म्हणत असतील, तर मी सिद्ध झालो.

पाटलांच्या मिशीखाली जुने हसू आले.

"मांगाले कायले लागते, महाराज?" ते म्हणाले. "तीन डाव अक्षत देल्ली. वापस थोडीच घेतली आमी? यंदा त्या बालाघाटवाल्याले हो म्हनलं आहे, तं यंदा तुमी खाली बसून आयका. पुढच्या सालापासून गादी तुमची."

मी जुने वस्त्र सोडले. पिशवीत मी एक नवे वस्त्र आणले होते. कशासाठी आणले, हे घरून निघताना स्वतःला विचारले नव्हते. पोथी त्यात बांधली, डावीकडची गाठ मारली आणि कोनाड्यात ठेवली. परतीच्या जीपमध्ये माझ्या मांडीवर केवळ विटलेले तांबडे फडके होते.

त्याच आठवड्यात मी विश्वस्तांना सेवा सोडत असल्याचे सांगितले. नवा पुजारी मिळेपर्यंत राहिलो, त्याला देवाचे सगळे उपचार समजावले. या काळात मित्र आणि मी आवश्यक तेवढे बोललो. चहाच्या वेळी मी घरी जात असे. क्षमा कर, असे तो एकदाही म्हणाला नाही, आणि मी क्षमा केली आहे, असेही मी म्हणालो नाही. देवासमोर खोटे बोलण्याची मला सवय नाही.

शेवटच्या सकाळी मी गाभाऱ्यात होतो, मौनात, पाठ दाराकडे. पत्नी सभामंडपात सामानाच्या पिशव्या घेऊन थांबली होती. मित्र कार्यालयातून येऊन उंबरठ्यापाशी उभा राहिला. त्याच्या खोकल्यावरून मी ओळखले. माझे मौन त्याला ठाऊक होते, म्हणूनच त्याने ती वेळ निवडली असावी.

मग त्याने विचारले, "पंडित, आता कोणी तुझ्याकडे आलं, तर काय सांगू?"

मी तबकातून अक्षता घेतल्या. साध्या तांदळाच्या होत्या. मी वळलो नाही. मागून पत्नीचा आवाज आला, नेहमीसारखा शांत.

"खरं सांगा, भाऊजी," ती म्हणाली.